प्लाझ्मात इंधन घालणं सोपं, आत पोचवणं अवघड

खानापूर तालुक्यातून रोज रेल्वेने बेळगावला येऊन इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला शिकणाऱ्या एका मुलीने प्रश्न पाठवलाय. तिच्याच शब्दांत देतो: "टोकामॅकमधला प्लाझ्मा १५ कोटी अंशांचा असतो म्हणतात. त्यात इंधन घालतात कसं? थंड गॅस सोडला तर तो विझणार नाही का? गोठवलेल्या हायड्रोजनची गोळी मारतात असं वाचलं, ती काठावरच वितळत नाही का? आणि घातलेलं इंधन मध्यापर्यंत पोचलं हे कुणी बघितलं?"

अगं, चार प्रश्न विचारलेस, त्यातला चौथा सगळ्यात चांगला. मी शहापूरचा. नोकरीची वर्षं गुजरातेत एका छोट्या टोकामॅकवर गेली, म्हणजे प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) चुंबकीय क्षेत्रात कोंडून फ्यूजनसाठी, अणूंची केंद्रकं जोडून ऊर्जा काढण्यासाठी, वापरायच्या कड्यासारख्या यंत्रावर, गॅस सोडणे आणि घनता मोजणे या दोनच कामांत. तेव्हा उत्तर जरा लांबेल.

आधी एक गैरसमज काढू. १५ कोटी अंश म्हटलं की डोळ्यांसमोर उद्यमबागेतल्या फाउंड्रीची भट्टी येते, रसरशीत आणि भरलेली. टोकामॅकचं पात्र जवळजवळ रिकामं असतं. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ईटरचं घे. प्लाझ्माचं आकारमान सुमारे ८३० घनमीटर, म्हणजे एक बऱ्यापैकी मोठं घर मावेल एवढं. त्यात दर घनमीटरला साधारण १० चा २० वा घात इतके कण. तुझ्या खोलीतली हवा याच्या अडीच लाख पट दाट आहे. सगळं इंधन गोळा करून तराजूवर ठेवलं तर अर्धा ग्रॅमही भरत नाही. एवढ्याशा मालावर ५०० मेगावॉट काढायचे, म्हणून तो माल नेमका कुठे आहे याला इतकी किंमत.

आता "विझणार नाही का". होय की, विझतो! जास्त गॅस सोडला की काठ थंड होतो, काठावरून प्रकाशाच्या रूपात ऊर्जा निसटते, प्लाझ्मातून वाहणारा करंट आत आकसतो आणि काही मिलिसेकंदांत सगळा कारभार आटोपतो. याला आम्ही डिसरप्शन म्हणतो. किती घनता झेपेल याचा अंदाज मार्टिन ग्रीनवाल्ड यांनी १९८८ मध्ये दिला, आणि तो इतका साधा आहे की पाठ होतो: मेगाॲम्पिअरमधल्या करंटला पाय (π) गुणिले छोट्या त्रिज्येच्या (प्लाझ्माच्या कड्याची जाडी, तिच्या निम्मी) वर्गाने भाग, उत्तर १० च्या २० व्या घाताच्या पटीत येतं. ईटरसाठी १५ मेगाॲम्पिअर आणि २ मीटर, म्हणजे साधारण १.२. गांधीनगरजवळ भाटच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ साली सुरू झालेल्या आदित्यची छोटी त्रिज्या २५ सेंटिमीटर. १०० किलोॲम्पिअर धरले तर मर्यादा ०.५. आकारात केवढा फरक, पण मर्यादा जेमतेम अडीच पट. मी काम केलं ते यंत्रही आदित्यच्याच मापाचं होतं, पुढचे छोटे आकडे त्या मापाचे समज.

गॅस सोडायचा व्हॉल्व्ह हातात घेतलास तर निराश होशील. सुपारीपेक्षा थोडी मोठी धातूची डबी, आत एक पातळ पिझो चकती. शंभरेक व्होल्ट दिले की चकती किंचित वाकते, भोक उघडतं, व्होल्ट काढले की बंद. दोन-चार मिलिसेकंदांचा एक फुसका. तो पात्रात शिरला की रेणू तुटतात, आणि तुटताना मिळालेल्या धक्क्याने दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे अणू आत धावतात. तीन इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या हायड्रोजनचा वेग सेकंदाला सुमारे २४ किलोमीटर. तो किती आत जाईल हे वहीत करून बघ, एका ओळीचं गणित आहे. घनमीटरला १० चा १९ वा घात घनता असेल तर आयन होण्याआधी तो साधारण ८ सेंटिमीटर जातो. घनता दहापट केली की ८ मिलिमीटर. काही अणू प्लाझ्मातल्या गरम आयनाशी इलेक्ट्रॉनची अदलाबदल करतात आणि तो गरम झालेला अणू आणखी थोडा खोल जातो, पण चित्र फार बदलत नाही. २५ सेंटिमीटरच्या यंत्रात ८ सेंटिमीटर म्हणजे तिसरा हिस्सा, बरंच झालं. दोन मीटरच्या यंत्रात एक सेंटिमीटर म्हणजे उंबऱ्याबाहेरच. म्हणून छोट्या यंत्रावर शिकलेल्या माणसाला वाटतं गॅस सोडला की इंधन पोचलं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

आणि व्हॉल्व्ह हा इंधनाचा मुख्य झरा आहे हेही खरं नाही. हे मला कसं कळलं ते सांगतो.

नोकरीतलं सुरुवातीचं वर्ष. दुरुस्तीसाठी यंत्र उघडलं होतं, हवा आत गेली होती, मग पुन्हा आठवडाभर पंप चालवून निर्वात केलं. पहिल्या दिवसाचे शॉट, म्हणजे प्लाझ्मा पेटवायच्या एकेक खेपा, सुरू झाले. पडद्यावर करंट चढतो, हायड्रोजनचा लाल प्रकाश दाखवणारी रेघ उसळते, आणि माझी घनतेची रेघ वर, अजून वर, थांबायचं नाव नाही. शेवटी डिसरप्शन. मी शॉटच्या मध्ये एक पफ, म्हणजे गॅसचा फुसका, ठेवला होता, तो काढला. तेच. सुरुवातीचा गॅस निम्मा केला. तरी तेच. व्हॉल्व्ह गळतोय अशी माझी खात्री झाली. दुपारभर खपून तो बदलला, गळती तपासली, घामाघूम झालो. संध्याकाळच्या शॉटला रेघ पुन्हा तशीच वर! वरिष्ठ मागे उभे राहून बघत होते. त्यांनी माझ्यासमोर उरलेल्या वायूंचा आलेख धरला. वस्तुमान २ ला शिखर, आणि १८ ला त्याहून मोठं. "पाणी. भिंत ओकतेय. व्हॉल्व्हला कशाला मारतोस?"

त्या क्षणी मला आमचं शहापूरचं जुनं घर आठवलं. जांभ्याच्या भिंती. जूनपासून त्या पाणी पीत राहायच्या. गणपतीत पाऊस उघडला, ऊन पडलं, तरी माजघरातली भिंत घाम सोडायचीच, आई वह्या-पुस्तकं कपाटातून काढून उन्हात ठेवायची. बाहेर पाऊस आहे की नाही याच्याशी आतल्या दमटपणाचा संबंध तेव्हा संपलेला असतो. जे काय आहे ते भिंतीच्या पोटात आहे.

आकडा लाव म्हणजे पटेल. अशा छोट्या यंत्रात प्लाझ्मा जवळपास एक घनमीटर. १० च्या १९ व्या घाताच्या घनतेला जेवढे कण असतात, त्याच्या दहापट अणू पात्राच्या भिंतीवर एकच थर बसला तरी मावतात. एक थर, म्हणजे अणूला अणू लागून! आणि ग्रॅफाइट असेल तर तो नुसता थर धरत नाही, आत पितो. प्लाझ्मातून निसटलेला कण भिंतीवर आपटतो, आणि शंभरातले नव्वद-पंच्याण्णव कण तिथून परत येतात. याला रिसायकलिंग म्हणतात. समज, कण प्लाझ्मात १० मिलिसेकंद टिकतो. रिसायकलिंग ०.९५ असेल तर त्याचा परिणामी मुक्काम वीसपट होतो, २०० मिलिसेकंद, आमचा अख्खा शॉट तेवढा नसायचा. रिसायकलिंग १ च्या वर गेलं, म्हणजे भिंत घेते त्याहून जास्त देते, तेव्हा घनतेवरचा माझा ताबा संपला. मी व्हॉल्व्ह बंद करू शकतो, भिंत बंद करता येत नाही.

मग रात्रभर ग्लो डिस्चार्ज. पात्रात हायड्रोजन किंवा हेलियम अगदी कमी दाबाला भरून काही शे व्होल्टवर मंद उजेड पेटत ठेवायचा, आयन भिंतीवर आपटून ओल सोडवतात आणि पंप ती ओढून घेतात. काही ठिकाणी वरून बोरॉन किंवा लिथियमचा लेप देतात. चार रात्रींनंतर आमची गोष्ट उलटी झाली: मी पफ देतोय, व्हॉल्व्ह उघडल्याचा सिग्नल दिसतोय, आणि घनता हलत नाही. कोरडी झालेली भिंत सगळं पिऊन टाकत होती. तेव्हा पुन्हा माझा व्हॉल्व्हवर संशय! आजही नव्या मुलांना मी पहिलं हेच विचारतो, की भिंत काल काय प्यायली होती. उत्तर देता आलं नाही तर घनतेच्या कोणत्याही आलेखावर बोलू नकोस म्हणतो. हा जरा हट्ट आहे माझा.

या पिण्यामुळेच मोठ्या यंत्रांनी कार्बनच्या (ग्रॅफाइटच्या) भिंतीचा नाद सोडला. ट्रिटियम, म्हणजे इंधनातला हायड्रोजनचा सगळ्यात जड प्रकार, किरणोत्सारी, अर्धायुष्य १२.३ वर्षं, आणि तो भिंतीत अडकून राहिला तर हिशोबही बिघडतो आणि परवानगीही. इंग्लंडमधल्या जेट या टोकामॅकने २०११ पासून बेरिलियम आणि टंगस्टनची भिंत वापरली.

आता गोळी. ड्यूटेरियम, म्हणजे इंधनातला दुसरा जड हायड्रोजन, १८.७ केल्विनला, म्हणजे उणे २५४ अंशांच्या आसपास गोठतो. त्याची काही मिलिमीटरची गोळी कापून गॅसच्या दाबाने किंवा फिरत्या चक्राने फेकतात, सेकंदाला काहीशे मीटर ते एक किलोमीटर वेगाने. काठावर वितळत नाही का? वितळते, पण सगळी नाही. तापलेल्या तव्यावर आई पाण्याचा शिंतोडा मारते तेव्हा थेंब लगेच न आटता नाचत राहतो, कारण त्याचीच वाफ मध्ये येते. गोळीचंही तसंच. पृष्ठभागाचा उडालेला गॅस तिच्याभोवती दाट ढग धरतो आणि येणारे गरम इलेक्ट्रॉन त्या ढगातच दमतात. पार्क्स आणि टर्नबुल यांनी १९७८ मध्ये याचं गणित मांडलं, आणि आजही पहिला अंदाज त्यावरूनच काढतात. गोळी मिलिसेकंदभर जगली तरी पुरे, ३०० मीटर वेगाने तेवढ्यात ३० सेंटिमीटर झाले.

पण गोळी कुठे संपली आणि माल कुठे पडला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथे या विषयातली मला सगळ्यात आवडणारी गंमत आहे. टोकामॅक मेदुवड्याच्या आकाराचा. भोकाच्या बाजूला चुंबकीय क्षेत्र जास्त, बाहेरच्या बाजूला कमी. या फरकामुळे ढगातले आयन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांच्या उलट, वर आणि खाली सरकतात. ढगाच्या दोन टोकांना विरुद्ध भार जमतो, त्यातून विद्युत क्षेत्र उभं राहतं, आणि ते अख्ख्या ढगाला वड्याच्या बाहेरच्या कडेकडे ढकलतं. चोर्ला घाटात बस वळली की सगळे वळणाच्या बाहेरच्या अंगाला रेलतात ना, परिणाम तोच. पूर्वी गोळ्या बाहेरच्या बाजूने मारत, कारण जागा तिथेच असते. मग माल आत जायच्याऐवजी आल्या वाटेने परत फेकला जायचा. १९९७ मध्ये जर्मनीतल्या ॲसडेक्स अपग्रेड या टोकामॅकवर भोकाच्या बाजूने गोळ्या मारून बघितल्या, तर तोच धक्का ढगाला प्लाझ्माच्या मध्याकडे घेऊन गेला. कमी वेगाची गोळी, पण माल खोल.

तेव्हापासून आतल्या बाजूचा आग्रह. फक्त तिथपर्यंत सरळ नळी नेता येत नाही, वाकडी न्यावी लागते, आणि वाकड्या नळीत वेग वाढवला की गोळी भिंतीवर आपटून फुटते. म्हणून ईटरमध्ये वेग सेकंदाला ३०० मीटरच्या आसपासच ठरवलाय. पाच मिलिमीटरच्या एका गोळीत ईटरच्या सगळ्या प्लाझ्माच्या सात टक्के कण येतात, तेव्हा ती हळूच हाताळावी लागते. गोळीचा आणखी एक फायदा: ग्रीनवाल्डची मर्यादा मुख्यतः काठाची घनता बघते, त्यामुळे माल आत पडला तर सरासरी घनता मर्यादेच्या वर नेता येते.

इतकं करूनही ईटरसारख्या यंत्रात गोळी मध्यापर्यंत जात नाही. काठाच्या आत थोडी जाते आणि संपते. तिथून मध्यापर्यंत दीड मीटर कण स्वतःच जातात, आणि तुझा चौथा प्रश्न इथे येतो.

तू विसरण (डिफ्यूजन) शिकली आहेस: दाट जागेकडून विरळ जागेकडे. काठावर गॅस घातला, मध्यात काहीच घातलं नाही, तर बऱ्याच वेळाने काय व्हायला हवं? मध्यात घनता सपाट. आणि मोजल्यावर काय दिसतं? मध्यात घनता जास्त, डोंगरासारखी. म्हणजे विसरण बाहेर ढकलतंय तेवढंच काहीतरी आत ओढतंय. या ओढीला पिंच म्हणतात. एक भाग वेअर यांनी १९७० मध्ये समजावला: करंट चालवणारं विद्युत क्षेत्रच चुंबकीय सापळ्यात अडकलेल्या कणांना हळूहळू आत सरकवतं. पण मोजलेली ओढ अनेकदा त्याहून मोठी, आणि ती येते प्लाझ्मातल्या खळबळीतून.

खळबळीने तर सगळं सपाट व्हायला हवं, उलटं कसं? तुझ्या तालुक्यातलंच उदाहरण घे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, अरबी समुद्र तिथून सरळ रेषेत फार लांब नाही. तरी ती पाठ फिरवून पूर्वेला जाते आणि पार कुडलसंगमला कृष्णेला मिळते. ती चढावर वाहत नाही, जमिनीचा खरा उतार त्या बाजूला आहे. प्लाझ्मातही खरा उतार घनमीटरमागच्या कणांचा नसतो. खळबळ सपाट करते ते चुंबकीय क्षेत्राच्या एकेका नळीमागचे कण. आतल्या नळ्यांचं आकारमान कमी, तेव्हा प्रत्येक नळीत सारखे कण वाटले की घनमीटरचा हिशोब मध्यात आपोआप जास्त येतो. यात तापमानाच्या उताराचे आणि कणांच्या टकरींचेही हात असतात. टकरी जितक्या कमी तितका डोंगर टोकदार, असं बऱ्याच यंत्रांवर दिसलंय. मोठ्या आणि गरम यंत्रांना ही गोष्ट लाभाची, कारण फ्यूजनची शक्ती घनतेच्या वर्गावर वाढते.

कुणी बघितलं? मी बघितलं म्हणतो, पण एका दृष्टीने. तीन मिलिमीटर लांबीच्या सूक्ष्मलहरी प्लाझ्मातून पाठवायच्या आणि बाहेरून गेलेल्या लहरीशी ताडून बघायच्या. अर्धा मीटर प्लाझ्मा आणि १० च्या १९ व्या घाताची घनता, तर लहर साडेसहा-सात पूर्ण फेऱ्यांनी मागे-पुढे होते. त्या फेऱ्या मोजायच्या. घनता एकदम उसळली की एखादी फेरी मोजायची राहून जाते आणि पुढचा सगळा आलेख एका पायरीने खोटा होतो, गोळी मारताना हे हमखास. अशा अनेक समांतर रेषा घेतल्या की त्यातून आतला डोंगर उलगडता येतो. लेसरचा प्रकाश इलेक्ट्रॉनवरून विखुरतो, त्यावरून एकेका बिंदूची घनता काढतात, ती पडताळणीला.

पण स्थिर डोंगर बघून फक्त ओढ आणि विसरण यांचं गुणोत्तर कळतं. दोन्ही दुप्पट केले तरी डोंगर तोच दिसेल. ते वेगळे करायचे तर व्हॉल्व्ह एका ठेक्यात उघड-बंद करायचा आणि घनतेची लाट काठावरून मध्याकडे जाताना किती उशिराने आणि किती दबून पोचते हे बघायचं. उशीर सांगतो विसरण किती, आकार सांगतो ओढ किती. व्हॉल्व्हचा माझा आवडता उपयोग हाच, इंधनासाठी नव्हे, प्लाझ्माला टिचकी मारून बघण्यासाठी.

ही ओढ आंधळी असते. इंधनाला आत नेणारं गणित काही परिस्थितीत भिंतीवरून उडालेल्या टंगस्टनला आणखी जोराने आत नेतं. टंगस्टनला ७४ इलेक्ट्रॉन, १५ कोटी अंशांतही काही चिकटून राहतात आणि सतत प्रकाश फेकतात. लाखात काही अणू मध्यात जमले तरी आग मंदावते. म्हणून मध्याला थोडी वेगळी उष्णता देऊन त्याला हुसकावत राहावं लागतं.

आणि हेलियम, म्हणजे जळल्यानंतरची राख, ती तर मध्यातच जन्मते. तिला बाहेर यायचंय. ऊर्जा जेवढा काळ टिकते त्याच्या पाच-दहा पटींपेक्षा जास्त ती आत रेंगाळली तर इंधनाची जागा खाते. ईटरमध्ये सेकंदाला जेवढे कण घालायची तयारी आहे ते प्लाझ्मातल्या एकूण कणांच्या आसपासच आहेत, आणि त्यातला एखादा टक्काही जळत नाही. बाकी सगळं डायव्हर्टरमधून, म्हणजे पात्राच्या तळाच्या निकासातून, ओढून, हेलियम वेगळा करून, पुन्हा घालायचं. जळतं ते किती थोडं, याचा नमुना: ऑक्टोबर २०२३ मध्ये जेटने ६९ मेगाजूल ऊर्जा काढली ती ०.२ मिलिग्रॅम इंधनातून. विक्रम आहे तो. विजेच्या बिलाच्या भाषेत मात्र १९ युनिट, आणि यंत्र चालवायला त्याहून किती तरी जास्त लागले.

ओढून घेणाऱ्या पंपाचं एक तुला सांगायलाच हवं. ईटरचे क्रायोपंप ४.५ केल्विनला थंड असतात. त्यावर हायड्रोजनचे भाऊबंद गोठून बसतात. हेलियम ४.२ ला उकळतो, तो बसत नाही, निसटतो. मग त्याला अडकवायला पट्ट्यांवर सूक्ष्म छिद्रांचा कोळसा चिकटवतात. कित्येक प्रकारचे कोळसे तपासून निवडला तो नारळाच्या करवंटीचा. आमच्या घरी करवंट्या बंबात जायच्या.